पंचफुलाबाईंची डबल बेल

आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आला की सुरुवातीचे काही दिवस तो बिचारा भांबावलेला असतो. सकाळी दात घासत अंगणात उभं राहावं, तर समोरून बाईमाणसाचा खणखणीत आवाज येतो, "मूर्तिजापूर! चिखलात लोळू नको म्हनलं ना तुले!" दुपारी कोणीतरी सांगतं, बडनेऱ्याला जुलाब लागले. एकदा आमच्याकडे आलेल्या व्याह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की अकोटनं शेजारच्यांची नवी चप्पल खाल्ली. व्याही अकोटचे. त्यांनी खाली ठेवलेला चहाचा कप पुन्हा काही उचलला नाही.

ही सगळी कुत्र्यांची नावं. ठेवणाऱ्या पंचफुलाबाई शिरसाट, अकोल्यात गोरक्षण रोडच्या आतल्या अंगाला आमच्या अगदी समोर राहणाऱ्या, एसटीच्या निवृत्त कंडक्टर. कुत्रं जिथं सापडलं त्या गावाचं नाव त्याला. मोझरीला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या आश्रमाच्या गावी, सापडलेलं कुत्रं संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी शांत बसत असेल, असं माझ्या बायकोला उगीचच वाटलं होतं. ते नेमकं त्याच वेळी तुळशीपुढची वात पळवायचं.

बाईंचे यजमान मोतीराम एसटीतच ड्रायव्हर होते. ते अवेळी गेले, तेव्हा मुलगा धर्मेंद्र अजून शाळेत होता. त्यांच्या जागी बाईंना नोकरी मिळाली ती कंडक्टरची. ही बाई आठवडाभरात रडत घरी जाणार, असं डेपोतले लोक म्हणत होते म्हणे. रडले ते प्रवासी. अकोला-अकोट रस्त्यावर बाईंचा असा दरारा, की दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं बाई दिसल्या की शहाण्यासारखी आत सरकायची. सरकीच्या पोत्यावर ऐसपैस बसलेल्या एका पैलवानाला बाईंनी पोत्यासकट अर्ध्या वाटेवरच्या चोहोट्ट्याला उतरवलं होतं. तो पैलवान मला भेटलेला नाही, पण त्याची गोष्ट सांगणारे इतके भेटले, की तो नसला तरी आता काही बिघडत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी वर्कशॉपातल्या लोकांनी त्यांना शाल-नारळ न देता भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी दिली, दोरीसकट. ज्यांनी आयुष्यभर मोटरसायकलच चालवली त्यांच्यासाठी सांगतो. एसटीत कंडक्टरनं दोरी ओढून एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते. दोनदा वाजवली की निघते. या दोन ठोक्यांना डबल बेल म्हणतात, आणि ती मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी जागची हलवत नाही, मग मागं कलेक्टर का बसलेला असेना. बाईंनी ती घंटी व्हरांड्यात टांगली आणि तिची दोरी गेटापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत नेली. धर्मेंद्र पुण्याला. घरात दुसरं माणूस नाही. घंटी कोणासाठी वाजवणार? भाजीबाजारात बाई पुढच्या गिऱ्हाइकाला "पुढं सरका, मांगं जागा हाये" म्हणायला लागल्या, तेव्हा आम्ही सगळेच जरा काळजीत पडलो.

अशात दीक्षा आली. दीक्षा म्हणजे बाईंच्या मावसबहिणीची मुलगी, अमरावतीहून बदली होऊन इथल्या तहसीलमध्ये लागलेली. ती आणि तिच्या काही मैत्रिणी रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री उचलून आणतात, दवापाणी करतात आणि त्यांना कायमचं घर शोधून देतात. घर मिळेपर्यंत ते कुत्रं कोणीतरी स्वतःच्या घरी सांभाळावं लागतं. त्या 'कोणीतरी'चा दीक्षाला नेहमीच तुटवडा.

"मावशी, थोडे दिवस ठेवशील का? पाय मोडलाय."

"कोनाचा?"

"कुत्र्याचा."

"तिकीट कुठपर्यंतचं हाये?"

दीक्षाला कळेना. बाईंनी समजावलं, "अवं, चढवून देशीन तं उतरवशीन कुठी? ते सांग पयले."

असं ते सुरू झालं. मग गल्लीत अंदाजांना ऊत आला. शेजारच्या चतुराबाईंचं म्हणणं, मोतीरामच कुत्र्याच्या जन्मात परत आलेत आणि बाई त्यांना शोधताहेत. माझं म्हणणं असं, की बाईंना ज्याच्यावर ओरडावं असं कोणीतरी हवं होतं आणि कुत्री उलटून तक्रार करत नाहीत. बायको म्हणाली, दोघंही मूर्ख आहात.

बाईंचे नियम मात्र डेपोतले. घरात एका वेळी एकच कुत्रं, कारण आजारी जनावराला दुसरं चालत नाही आणि बाईंचे गुडघेही दोघांना पुरत नाहीत. आणि लाडाचं नाव ठेवायचं नाही.

"ज्याच्या घरी उतरन तो ठेवन नाव," बाई म्हणाल्या. "मी कंदी प्यासिंजरले नाव इचारलं का? कुठून बसले, येवढंच इचारलं."

आणि सगळा कारभार घंटीवर. वाटी समोर ठेवली की एक घंटी, थांबा. मग दोन, खा. गेट उघडलं की एक, थांबा. दोन, चला. ज्या दिवशी कुत्र्याला नवं घर मिळे, त्या दिवशी बाई त्याला गेटापाशी बसवत, एक घंटी देत, पट्टा नव्या माणसाच्या हातात ठेवत आणि मग दोरी ओढत, टिंग टिंग. कुत्रं उठून चालायला लागे. बाई गेटाबाहेर पाऊल टाकत नसत. आत जाऊन वाटी घासत आणि माळ्यावर पालथी घालत. पुढचं येईपर्यंत ती माळ्यावरच. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. आम्ही गेटाशी उभे राहून बघायचो आणि दर वेळी थोडे निराश व्हायचो.

मग चिखलदरा आली.

चिखलदऱ्याच्या घाटात सहलीला आलेल्या कोणाची तरी गाडी तिला उडवून गेली होती. तपकिरी, हडकुळी, एक कान फाटलेला, मागचा पाय कायमचा आखडलेला, जातीनं अस्सल गावठी. आल्या आल्या ती दिवाणाखाली गेली आणि तिथंच राहिली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. बाई जमिनीवर पथारी टाकून दिवाणाकडे तोंड करून पडत आणि तिला डेपोच्या गोष्टी सांगत. अकोटच्या स्टँडवर कोण कंट्रोलर कसा होता, कोणाची बदली कोणी करवली. मला त्यातल्या कितीतरी गोष्टी आमच्या ओट्यावरूनच कळल्या.

पुढं ती बाहेर आली, खाऊ लागली, लंगडत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागली. पण घंटीच्या बाबतीत तिच्यासारखं कुत्रं आधी झालं नव्हतं. बाकीची दोन ठोक्यांची वाट बघायची, पण समोर मटणाचं हाडूक असलं तर थोडी लबाडीही करायची. चिखलदरा नाही. डबल बेल नसेल तर उघड्या गेटातून ती बाहेर पडत नसे. माझ्या बायकोनं एकदा भाकरीचा तुकडा तिच्या नाकासमोर टाकला. तिनं तुकड्याकडे पाहिलं, घंटीकडे पाहिलं, आणि बाई आंघोळ करून येईपर्यंत तशीच बसून राहिली. रस्ता ओलांडायचा निर्णय तिनं एकदा स्वतःच्या मनानं घेऊन पाहिला होता. पुन्हा घ्यायची तिची हिंमत नव्हती. कोणीतरी 'चल' म्हटल्यावर निघण्यात एक सुख असतं. ते मला माझ्या नोकरीतही जाणवलं होतं, पण ते असो.

तिला घर मिळेना. लोकांना पांढरी, केसाळ, फोटोत चांगली दिसणारी कुत्री हवी असतात. एका पावसाळ्यात आलेली चिखलदरा दुसरा पावसाळा सरला तरी इथंच.

"बाई, ही तर पासवाली झाली," मी एकदा म्हटलं.

"पासवाल्याले बी उतरा लागते मास्तर. तो काय गाडीतच झोपते?"

हे म्हणताना बाईंचा हात चिखलदराच्या फाटक्या कानावरून फिरत होता.  ते मी बायकोला लगेच जाऊन सांगितलं.

धर्मेंद्रचा फोन बाई स्पीकरवर टाकून बोलतात, त्यामुळे तो आम्हा सर्वांनाच येतो. तो म्हणाला, "आई, एवढा जीव लागलाय तर ठेवून घे ना तिला कायमची."

"आन् दीक्षाच्या न्हानीत पिल्लू बांधून हाये, त्याले कुठी बसवू? तुह्या मांडीवर? एकानं सीट धरून ठेवली तं मांगच्यानं उभं राहाव काय रे?"

ते पिल्लू बाळापूरजवळ हायवेवर सापडलेलं, अंगभर खरूज. दीक्षाचा घरमालक रोज सकाळी न्हाणीकडे बघून नाक मुरडायचा. महिना संपायच्या आत पिल्लू हलवा, नाहीतर मीच हलवतो, असं त्यानं बजावलं होतं. बाईंची जागा मोकळी झाली की ते इथं येणार, एवढाच दीक्षाला आधार.

आणि मग अकोटहून पाठक आले. उद्धवराव पाठक, निवृत्त वकील. पत्नी वर्षापूर्वी वारली. मुलगा यशोधन आणि सून देवश्री दोघंही नोकरीला, दिवसभर घरात उद्धवराव आणि भिंतीवरचं घड्याळ. देवश्रीनं दीक्षाच्या ग्रुपवर चिखलदराचा फोटो पाहिला होता. तिघं गाडी करून आले. बाईंनी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि तपासणी सुरू केली.

"दिवसा घरी कोन असते? फाटक लागते का नीट? पलंगावर चढली तं मारान का?"

उद्धवराव मन लावून उत्तरं देत होते. मधेच म्हणाले, "बाई, तुम्ही मला ओळखलं नाही. मी तुमच्या सकाळच्या गाडीला असायचो. अकोल्याला कोर्टात."

बाईंनी मान तिरपी करून पाहिलं. "खिडकीजवळ बसून बाजूच्या सीटवर फायली ठेवत जायचे, ते तुमी?"

"तोच मी. 'वकीलसाहेब, फायलीचं तिकीट काढलं का,' असं भरल्या गाडीत विचारलं होतंत."

"मंग? काढलं होतं का?"

"नाही."

"मंग?"

देवश्री हसू दाबायला पदर शोधत होती, पण ती सलवार-कुर्त्यात होती.

एवढ्यात चिखलदरा आतून आली. तिनं तिघांचे पाय हुंगले आणि उद्धवरावांच्या बुटावर हनुवटी ठेवून आडवी झाली. उद्धवरावांनी पाय हलवला नाही. त्यांना मुंग्या आल्या असणार, चेहऱ्यावर दिसतच होतं, तरी हलवला नाही. मग काठी घेऊन ते तिला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आले. एक काठी टेकत, एक लंगडत. कोणाला कोणासाठी थांबावं लागलं नाही. दोघांच्या चालीपुढं आमच्या गल्लीतली म्हैस म्हणजे एक्स्प्रेस वाटावी.

बाईंना नकार द्यायला काही सापडेना. सापडावं म्हणून त्यांनी बराच वेळ घेतला, हे मी शपथेवर सांगतो. शेवटी म्हणाल्या, "रविवारी घेऊन जा."

रविवारी आम्ही सगळे आपापल्या ओट्यावर. चिखलदरा गेटापाशी बसली. एक घंटी झाली. बाईंनी पट्टा उद्धवरावांच्या हातात ठेवला, दोरीपाशी परत आल्या, दोरी धरली, आणि देवश्रीला सांगायला लागल्या, "हिले दुधानं पोट बिघडते हं. भाकर कुस्करून द्याची. पायाले रातच्याला तेल लावाचं..." बोलतच राहिल्या. चिखलदरा बसून. उद्धवरावांनी पट्टा हलकेच ओढला, ती उठेना. यशोधनला वाटलं पाय दुखत असेल. त्यानं बापड्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. दार लागलं, गाडी वळली, गेली. दोरी बाईंच्या हातातच.

मी घरात येऊन बायकोला म्हटलं, "दोन वाजल्या नाहीत."

"ऐकलं मी. म्हणजे ऐकू नाही आलं ते ऐकलं."

संध्याकाळी वाटी मोरीपाशी होती, घासलेली, सुलटी. माळ्यावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी देवश्रीचा फोन आला. "मावशी, ती घरात येतच नाही. काल उंबऱ्याबाहेर ठेवली, तिथंच बसून आहे. आत उचलून नेली तर दाराशी येऊन पुन्हा बाहेर बघत बसते. खाणं समोर आहे, तोंड लावत नाही. बाबांनी हातानं भरवलं तेवढंच. आजारी आहे का?"

"नाई," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रुळंन."

ज्या बाईंनी पायाच्या तेलापर्यंत सगळं समजावून सांगितलं होतं, त्यांना एवढी एकच गोष्ट सांगायची सुचली नाही. देवश्रीचा रोज फोन येई आणि रोज तेच. गुरुवारी ती म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात तिला इथं दुःख होत असेल तर उगीच अडवायचं नाही. रविवारी परत आणून सोडतो."

"आना बाप्पा, आना!" बाईंचा आवाज गल्लीभर गेला. इतक्या घाईनं त्यांनी धर्मेंद्रलाही कधी घरी बोलावलं नसेल. लगेच दिवाणाखालचं पोतं झटकून उन्हात पडलं.

त्याच संध्याकाळी दीक्षा आली. हातात टोपली, टोपलीत फडकं, फडक्यात ते बाळापूरचं पिल्लू. दिसायला, खरं सांगायचं तर, सोललेल्या रताळ्यासारखं.

"मावशी, जागा झाली ना गं? घरमालकानं आज तमाशा केला."

"चिखलदरा परत येऊन राह्यली रविवारी."

दीक्षा पायरीवर बसली. "मग याचं काय करू?"

"पाह्य ना कोनी दुसरं."

दीक्षा वाद घालणारी पोरगी आहे. तहसीलमध्ये लोक तिला टरकून असतात. पण ती वाद न घालता टोपली उचलून गेली. बाई दोरीखाली खुर्ची टाकून बसल्या. माझी बायको चपला घालून समोर गेली. मी आमच्या गेटाला तेल द्यायला घेतलं. त्या गेटाला तेलाची गरज नव्हती.

"पंचफुलाबाई, एक विचारू?"

"इचारा."

"रविवारी घंटी का नाही दिलीत?"

"देल्ली ना."

"एक दिलीत. बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

"दोरी अटकली होती."

"ओढून दाखवा बरं."

बाईंचा हात वर गेला, दोरीला लागला आणि तसाच राहिला. आमच्या गेटाची बिजागरी माझ्या हातात कुरकुरली, तिच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही.

"देल्ली असती तं गेली असती ती," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मंग काय मंग? गेली असती."

बायको खाली पायरीवर बसली. बाई घंटीकडेच बघत होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ड्युटीवर असतो तं मेमो भेटला असता मले. भरली गाडी उभी करून ठेवली अन् बेलच देल्ली नाई. मी थांब म्हनलं, म्हनून थांबून हाये ती तिकडं. उपाशी. लोकाईले वाटते तिले घर पसंत नाई. तिले काय मालूम, घंटी माह्याच हातात रायली म्हनून."

बायको उठली आणि एकही सल्ला न देता घरी आली. माझ्या घरात हे फार क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सकाळी बाई आमच्या दारात. "मास्तर, पाना हाये का?"

मी स्टूल धरलं, बाईंनी घंटी उतरवली, दोरी गुंडाळली आणि दोन्ही पिशवीत घातलं. "चाला," मला म्हणाल्या.

"मी कशाला?"

"घंटी धराले कोनी पायजे. आन् तुमी नाई आले तं आठ दिवस मले इचारत बसान काय झालं म्हनून."

हे खरं होतं. मी शर्ट बदलला.

अकोटची गाडी भरलेली होती. कंडक्टर एक तरुण मुलगी, हातात तिकिटाचं मशीन. तिनं दिलेली प्रत्येक घंटी बाई कान देऊन ऐकत होत्या आणि नापास करत होत्या. "इतक्या नाजूक हातानं? ड्रायव्हरले आयकू आलं पायजे." चोहोट्ट्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात जोरात आदळली आणि बाईंच्या मांडीवरची पिशवी ठणकन वाजली. एकदाच. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"कोण उतरणार आहे?" ती मुलगी विचारतेय. कोणी उतरेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाईंनी दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरली आणि खाली मान घालून म्हणाल्या, "जाऊ दे पोरी, दे डबल." त्या मुलीनं दिली. मला वाटतं, त्या क्षणी बाईंना आपण काय करायला निघालोय ते नीट कळलं. पुढं अकोटपर्यंत त्यांनी एकाही घंटीला नावं ठेवली नाहीत.

पाठकांच्या घराचा ओटा उन्हात होता. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत कानटोपी घातलेले उद्धवराव, बाजूला पाण्याचा तांब्या, जेवणाचं ताट आणि अंथरुणाची वळकटी. उंबऱ्याच्या बाहेर चिखलदरा. आम्हाला बघून ती उठली. अख्खं अंग हलत होतं, शेपटीचं तर काही विचारू नका, गळ्यातून बारीक आवाज निघत होता. पण जागेवरून हलली नाही. थांब म्हटलेलं होतं ना.

बाई झपाझप जाऊन तिच्याजवळ खाली बसल्या. तिनं डोकं त्यांच्या मांडीत खुपसलं.

"ती आत येईना, म्हणून मीच बाहेर आलो," उद्धवराव म्हणाले. "जेवण इथंच, दुपारची झोप इथंच. सून रागावते, थंडी बाधेल म्हणते. पण एकटीला कसं बसवायचं?" मग दुसरीकडे बघत म्हणाले, "न्यायला आलात ना? खुशाल न्या बाई. तिचा जीव तिथं रमत असेल तर माझा काही हट्ट नाही."

बाईंनी ते ताट पाहिलं, वळकटी पाहिली, कानटोपी पाहिली. मग पिशवीत हात घातला.

"मास्तर, धरा उच्ची."

मी घंटी डोक्याच्या वर धरली, एसटीतल्या खांबासारखा उभा राहिलो. चिखलदराच्या काळजीनं रजा काढलेले देवश्री आणि यशोधन दारात येऊन बघू लागले. बाईंनी दोरी धरली. चिखलदराचा चांगला कान ताठ झाला, फाटका अर्धा. माझे हात भरून आले, घंटी लटपटायला लागली, तरी दोरी ओढली जाईना.  शेवटी बाई चिखलदराला हळूच म्हणाल्या, "उतर वं माय. तुह्यं गाव आलं."

टिंग टिंग.

ती उठली. अंग झाडलं. आखडलेला पाय सावरत तिनं उंबरा ओलांडला आणि सरळ आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. खरं तर उतरलेलं माणूस कंडक्टरकडे कधी वळून बघत नाही, त्याची नजर घराच्या दिशेला असते. आतून वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. उद्धवरावांनी काठी घेतली आणि कोणालाही न विचारता तिच्या मागोमाग आत गेले.

"मावशी, आत या ना, चहा टाकते," देवश्री म्हणाली.

"नाई बाई. मी अंदर आलो तं ती बाहीर येईन. अठीच दे."

आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला. देवश्रीला आता सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "मावशी, ही घंटी आमच्याकडे ठेवता का? रोज जेवायला लागेल तिला."

"घंटी गाडीची असते, प्यासिंजरची नाई. तुमी नाव ठेवा तिचं. नाव घेऊन हाक मारा, शिकंन दोन-चार दिवसांत. घरात कोनी घंटीवर जेवते का?"

त्यांनी नाव ठेवलं. देवश्रीनं मला फोन करून कळवलंही. पण बाईंनी मला ते सांगायची मनाई केली आहे, त्यांनाही आणि दुसऱ्यांनाही. आयुष्यात मला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट, जी मी गल्लीत कोणाला सांगितलेली नाही.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या. पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली आणि बाहेर कपाशीच्या वावरांकडे बघत राहिल्या. मी दोन स्टॉप धीर धरला. मग म्हटलं, "बाई, पिशवीचं तिकीट काढलं का?"

त्यांनी वळून पाहिलं. डोळे लाल होते. पण पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीला हात करून म्हणाल्या, "या माय, बसा."

घरी येऊन मी स्टुलावर चढलो, घंटी पुन्हा बसवली, दोरी ओवली. बाईंनी मोरीपाशी ठेवलेली वाटी पुन्हा एकदा घासली, माळ्याकडे पाहिलं आणि फडक्यानं पुसून खालीच ठेवली. बायकोनं दीक्षाला आधीच फोन करून ठेवला होता, कोणाला न विचारता. दिवे लागायच्या वेळी दीक्षा टोपली घेऊन गेटाशी आली आणि तिथंच थांबली. आत येऊ की नको, असा चेहरा.

बाईंनी दोरी एकदाच ओढली. टिंग. म्हणजे थांबा, कोणीतरी चढणार आहे.

टोपली खाली आली. पिल्लू बाहेर पडलं, व्हरांड्यात चार पावलं चाललं, घंटीच्या बरोब्बर खाली उभं राहिलं आणि तिथंच मुतलं.

"बाळापूर!" बाई कडाडल्या. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "दारात काहून उभा राह्यला? पुढं सरक! मांगं जागा हाये!"

पिल्लू बावरलं आणि धडपडत आत, दिवाणाच्या दिशेनं पळालं. आमची बायको म्हणाली, "आता हे कुत्रं भुंकायच्या आधी ओरडायला शिकणार." मी आमच्या गेटाकडे गेलो. कान देण्यासाठी इतकी उघडझाप केल्यावर आता त्याला खरंच तेल हवं होतं.